खानापूर साईडचं सोशल वर्करांचं मोफत मदत केंद्र: पाचपैकी साडेतीन स्टार

पोलिसांनी कुणाला उचलून ठाण्यात बसवलं की मदतीला येणारं हे केंद्र. आधीच सांगतो, केंद्राचं नाव लिहीत नाय. तिथल्या बाईंनीच सांगितलंय की नाव गाजवू नका, गाजलं की ठाण्यात आम्हाला खुर्ची मिळायची बंद होते. खानापूर साईडच्या लोकांना ते जिना चढून जायचं ऑफिस कुठलं ते कळेलच, आणि ज्यांना गरज पडेल त्यांना कोणतरी सांगतंयच, मला पण चहावाल्यानंच सांगितलं.

माझा केटरिंगचा धंदा आहे बेळगावात. लग्न, मुंज, वास्तुशांत, सीझनला महिन्यात पंधरा-वीस ऑर्डरी. माझ्याकडं एक पोरगा आहे, तीन वर्षं झाली, खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतला, सिद्दी समाजाचा. आता सिद्दी म्हटलं की आपल्या पोरांना शाळेतला जंजिरा आठवतो आणि तिथंच गाडी थांबते, पण आपल्या शेजारी खानापूर, हल्याळ, यल्लापूर, कलघटगी ह्या पट्ट्यात ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. पोर्तुगीजांनी ह्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथनं सुटून पळालेले ह्या रानात येऊन राहिले असं सांगतात. आमचा पोरगा मराठी बोलतो, कोकणी बोलतो, कानडी तर माझ्यापेक्षा बरं बोलतो. केस कुरळे, रंग काळा, बस्स, एवढ्यावर लोक त्याला परदेशी ठरवून मोकळे.

तर झालं असं की लोंढ्याकडचं एक लग्न आटपून टेम्पो पुढं गेला आणि हा मागं राहिला, कारण दोन तांब्याचे हंडे, चार झारे आणि एक पितळी परात यजमानांच्या घरी राहिली होती, ती गोणपाटात बांधून हा शेवटच्या बसनं येतो म्हणाला. रात्री साडेदहाच्या सुमाराला बसस्टँडवर गोणपाट घेऊन उभा असलेला हा पोरगा दोन पोलिसांना दिसला. "याव ऊर ले?" म्हणजे कुठलं गाव रे. ह्यानं गावाचं नाव सांगितलं. त्यांना पटेना. आधार दाखवलं तर म्हणे डुप्लिकेट असेल. गोणपाटात भांडी, मग काय, चोर तर चोर. गाडीत घातला. कुठलं ठाणं ते लिहीत नाय, मला उद्या परत त्याच रस्त्यानं टेम्पो न्यायचाय.

मला फोन त्यानं नाय, बसस्टँडवरच्या चहावाल्यानं केला. मी भांड्यांची बिलं शोधली, एक सापडलं एक नाय, बाईक काढली आणि साडेअकराला ठाण्यात. आत बाकावर पोरगा बसलेला, चप्पल काढून ठेवायला लावलेली, आणि टेबलामागचा त्याला "ए आफ्रिका, नेट कूतको" म्हणजे नीट बस असं म्हणायलाय. मी सांगितलं साहेब भांडी माझी आहेत, पोरगा माझा आहे, हे बिल बघा. म्हणाले सकाळी या, साहेब आल्यावर बघू. मी म्हटलं मग रात्रभर? म्हणाले बसू दे की, काय खातोय काय तुझं.

आता खरं सांगतो, त्या वेळी माझी पण हवा टाईट. धंदेवाला माणूस, ठाण्याची पायरी चढायची सवय नाय. बाहेर येऊन चहावाल्याला फोन केला तर तो म्हणाला अण्णा, ह्या नंबरावर लावा, बाई येतात. त्याच्या गल्ल्यावर कार्ड चिकटवलेलं असतंय म्हणे.

पहिली तक्रार इथंच नोंदवतो. कार्डावर चोवीस तास असं छापलंय. मी पहिला फोन लावला, उचलला नाय. दुसरा, नाय. तिसऱ्याला बारा वाजून दहा मिनिटांनी उचलला. नंतर कळलं की एकच फोन तिघीत फिरतो आणि त्या रात्री तो चार्जिंगला आतल्या खोलीत होता. समजू शकतो, पगार नाय, माणसं कमी, पण मग चोवीस तास छापू नका की वो. रात्री ठाण्याबाहेर उभं राहिलेल्या माणसाला वाजून वाजून बंद होणारी रिंग कशी ऐकू येते ते मलाच माहीत. अर्धा स्टार तिथं गेला.

पण बाई आल्या. पाऊण वाजता, स्कूटीवरनं, मागं भाऊ बसलेला. पन्नाशीच्या आसपास, अंगावर स्वेटर, हातात एक वही. आत गेल्या गेल्या त्यांनी आवाज चढवला नाय, हे मी मुद्दाम सांगतो कारण मला वाटलं होतं आता भांडण होणार. खुर्ची मागितली, बसल्या, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ लिहिली. मग पोराला विचारलं, किती वाजता आणलं? तेही लिहिलं. मग टेबलामागच्याला, सार तुमचं नाव? नावाच्या पट्टीवरनं वाचून तेही लिहिलं. फक्त लिहिणं चाललंय, आणि खोलीतली हवा बदलायलीय हे मी डोळ्यांनी बघितलं. आधी टेबलावर पाय होते ते खाली आले.

मग त्यांनी एकच वाक्य टाकलं, कानडीत, अगदी गोड आवाजात. "सार, अरेस्ट माडीद्र मेमो कोडरी, इल्लांद्र हुडुगन्न बिडरी." म्हणजे अटक केली असेल तर मेमो, अटकेचा लेखी कागद, द्या, नसेल तर पोराला सोडा. तिसरा काही रस्ता नाय. तो म्हणाला मॅडम अटक नाही, नुसती चौकशी. बाई म्हणाल्या बरं, मग चौकशी झाली की, मालक बिल घेऊन उभे आहेत, नसेल झाली तर नोटीस द्या, उद्या अकराला मी स्वतः त्याला घेऊन येते.

हे कलम-बिलम मला नंतर त्यांच्या ऑफिसात कळलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय. त्यात कलम 36 ला अटकेचा मेमो करायचा, त्यावर घरच्याची नाहीतर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, आणि पकडलेल्याची पण सही. 47 ला अटकेचं कारण सांगायचं. 48 ला घरच्याला किंवा मित्राला कळवायचं. 58 ला चोवीस तासाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं. आणि चौकशीला नुसतं बोलवायचं असेल तर 35 खाली नोटीस. ह्यातलं बरंचसं सुप्रीम कोर्टानं डी. के. बसूंच्या केसमध्ये 1996 च्या डिसेंबरातच सांगून ठेवलेलं. म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा नियम, आणि मी तिथं बिल हातात घेऊन सकाळपर्यंत थांबायच्या तयारीत.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी पोरगा बाहेर. भांडी पण परत, एक झारा सोडून. त्या झाऱ्याचं काय झालं देव जाणे.

आता ऑफिसचा रिव्ह्यू. दुसऱ्या दिवशी नाय, तिसऱ्या दिवशी गेलो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर ऑफिस, जिना एवढा उभा की म्हाताऱ्या माणसानं चढायचं म्हणजे आधी खाली बसून दम खायचा. टॉयलेट नाय, बसस्टँडचं वापरा म्हणतात, आणि बायका तासन्‌तास बसलेल्या असतात तिथं, हे बरोबर नाय. उघडायची वेळ अकरा, उघडलं पावणेबाराला. माझ्या आधी रांगेत हरणशिकारी समाजाच्या दोन बायका होत्या, पारध्यांपैकी, त्यांच्या वस्तीवर कुठं चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्याकडंच येते म्हणाल्या. त्यातली म्हातारी मला म्हणाली, तुमचा पोरगा एकदा गेलाय, आमचं तर जन्मल्यापासनं. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 ला तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातनं तो गेला नाय असं बाईंचं म्हणणं. हुबळीत अजून एका भागाला सेटलमेंट म्हणतात ते त्याच काळातलं, तारेच्या कुंपणातली वसाहत. मी हुबळीला शंभरदा गेलोय, नावाचा अर्थ कधी विचारला नाय.

सेवा पूर्ण मोफत. मी पाचशेची नोट पुढं केली तर म्हणाल्या पैसे नकोत, खालनं कागदाचं एक रिम आणून द्या. दिलं.

दुसरी तक्रार भाषेची. सगळे फॉर्म कानडीत आणि इंग्रजीत. मराठीत एक पण नाय. बाई बोलतात मराठीत, समजावतात मराठीत, पण सही करायची त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाय. आम्ही इथं मराठी कागदपत्रांसाठी किती वर्षं ओरडतोय, 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापना दिवशी, काळ्या फिती लावतोय, आणि आपल्याच माणसांच्या ऑफिसात पण तेच? विचारलं तर म्हणाल्या, कागद पुढं ज्या टेबलावर जातो तिथं कानडीच चालतं, मराठीतला दिला तर परत येतो आणि मधल्या मधे माणूस आत राहतो. पटलं, पण एक मराठी तर्जुमा सोबत जोडायला काय हरकत आहे? अर्धा स्टार हा पण गेला.

आता जे मला त्या वेळी आवडलं नव्हतं ते सांगतो. मी तापलेला होतो. मला ठाण्याविरुद्ध तक्रार करायची होती, वरपर्यंत. आणि रस्ते आहेत, बाईंनीच सांगितले. सुप्रीम कोर्टानं 2006 ला प्रकाश सिंग केसमध्ये सांगितलंय की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण पाहिजे. 2020 च्या डिसेंबरात सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे पाहिजेत, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं. म्हणजे "ए आफ्रिका" हे कुठंतरी रेकॉर्ड झालेलं असायला पाहिजे. शिवाय बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2020 ला अनुसूचित जमातीत घेतलंय (कारवार जिल्ह्यातल्यांना 2003 लाच मिळालं होतं, मधली सतरा वर्षं डोंगराच्या ह्या बाजूचा सिद्दी वेगळा आणि त्या बाजूचा वेगळा, काय म्हणायचं ह्याला), म्हणजे 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा पण लागतो. मी म्हटलं टाका केस.

बाई माझ्याकडं बघेचनात. पोराकडं वळून म्हणाल्या, तुला काय करायचंय? पोरगा खाली मान घालून बसलेला. बऱ्याच वेळानं म्हणाला, नको अक्का, मला त्याच बसस्टँडवरनं रोज जायचंय. मी मधे बोलायला गेलो तर बाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही मालक आहात. पार्टी तो आहे."

राग आला. खरंच आला. रात्री धावलो मी, बिल शोधलं मी, रिम आणलं मी. जिना उतरताना बडबडत होतो. आता विचार करतो तर वाटतं, तक्रार मला हवी होती ती त्याच्यासाठी की माझा पाणउतारा झाला म्हणून, माझं मलाच नीट सांगता येत नाय. त्यांनी एवढं केलं की सगळी हकीगत वेळांसकट कागदावर उतरवून, वाचून दाखवून, पोराची सही घेऊन पाकिटात ठेवली. पुढं कधी वाटलं तर कागद आहे. आणि त्याऐवजी पोरानं काय मागितलं, तर जातीचा दाखला. घरात कुणाकडंच नव्हता. नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, चार फेऱ्या झाल्या, दोन वेळा बाईंच्या ऑफिसातली मुलगी सोबत गेली, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मिटिंगला, पण निघाला. दाखला असला की तालुक्याच्या कायदे सेवा समितीत वकील फुकट, उत्पन्न किती ते बघत नाहीत, 1987 च्या कायद्याचं कलम 12. बायकांना, पोरांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही तसाच फुकट, हे मला माहीत नव्हतं. त्याचा सरकारी नंबर 15100, टोल फ्री, हा पण फोनमध्ये घालून ठेवा.

त्याच दिवशी बाईंनी सहज विचारलं, तो तुमच्याकडं काय काम करतो? म्हटलं भांडी, धुणं-उचलणं. वाढायला? मी म्हटलं नाय, वाढपी वेगळे. का? आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. होतं, पण तिथं बोलण्यासारखं नव्हतं. टिळकवाडीतल्या एका पार्टीनं पहिल्याच वर्षी सांगितलेलं की "तो" पंगतीत नको, फोटो येतात. मी निमूट मागं ठेवला, आणि मग तीन वर्षं मागंच. माझ्या आचाऱ्यांमध्ये त्याला हबशी म्हणतात, मी पण हसलोय त्यावर. टेबलामागचा "आफ्रिका" म्हणाला तेव्हा माझं रक्त उसळलं आणि माझ्याच भट्टीवर वर्षानुवर्षं तेच चाललेलं.

त्यांचं रविवारचं शिबिर पण केलं, दोन तासांचं, समाजमंदिरात. ह्याला मी कमी मार्क देतो. धारवाडला एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मोठी पदवी, केलेला एक पोरगा बोलला, हुशार आहे, पण पाऊण तास अमेरिका. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांच्या वर गुडघा ठेवला, त्यानंतर तिथं रस्त्यावर माणसं उतरली, पोलीस सुधारा म्हणून मागण्या झाल्या, त्यात सोशल वर्कर पण होते, हे सगळं ठीक, पण समोर बसलेल्या शेतकरी बायकांना प्रोजेक्टरवर इंग्रजी स्लाईड कशाला? माझ्या शेजारची आजी मस्त झोपली.

तरी त्यातल्या दोन-तीन गोष्टी डोक्यात राहिल्या. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात युजीन नावाचं गाव आहे, तिथं 1989 पासनं कोण वेडापिसा झालाय, दारू पिऊन रस्त्यात पडलाय, जीव द्यायला निघालाय असा फोन आला की पोलिसांच्या जागी एक व्हॅन जायची, त्यात एक वैद्यकीय माणूस आणि एक समजूत घालणारा, हत्यार नाय. डेन्व्हरला पण 2020 ला तसंच सुरू झालं. युजीनमधली ती व्हॅन 2025 ला बंद पडली. पस्तीस वर्षं चाललेली गोष्ट पण बंद पडते, म्हणजे आमच्या जिन्यावरच्या ऑफिसाचं काय, असं मनात आलंच.

दुसरं जास्त लागलं. तिथल्या सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2021 ला जाहीर माफी मागितली, की आमच्याच पेशानं काळ्या लोकांवर आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर अन्याय करण्यात हात लावलाय. मूळ रहिवाशांची पोरं उचलून बोर्डिंग शाळेत टाकण्यात हे पण सामील. त्यावरनं शिबिरात एक चांगला वाद झाला, सोशल वर्कर पोलिसांच्या गाडीतनं हिंडायला लागला की तोच उद्या दुसरा पोलीस होतो काय? एकानं मुंबईचं सांगितलं, तिथं टाटा इन्स्टिट्यूटनं 1984 ला पोलिसांच्याच आवारात बायका-मुलांसाठी स्पेशल सेल काढला, सोशल वर्कर बसतो ठाण्यात पण ऐकतो बाईचं, आणि पुढं महाराष्ट्रभर तो गेला. आपल्या बाई म्हणाल्या, बसायला जागा त्यांची घ्या, वही आपली ठेवा. अख्ख्या शिबिरात हे एक वाक्य अमेरिकेच्या पाऊण तासापेक्षा भारी होतं. पुढच्या वेळी त्यांनाच बोलू द्या की.

तर मार्क असे. ठाण्यातलं काम पाचपैकी पाच, बिनतोड. फोन आणि वेळ दोन. ऑफिसची जागा दीड. शिबिर अडीच, चहा चांगला होता म्हणून. माझ्या हिशेबानं बेरीज साडेतीनला येते, गणित तपासू नका.

मागच्या महिन्यात टिळकवाडीतच एका लग्नात पोराला मठ्ठ्याची बादली दिली. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. दुसऱ्या पंगतीत एका काकांनी त्याच्याकडं बघून इंग्रजीत सुरू केलं, व्हेअर आर यू फ्रॉम आणि काय काय. हा म्हणाला, "खानापूरचा वो काका. मठ्ठा मिरचीचा देऊ की साधा?" काका दोन ग्लास प्याले.

जाणार असाल तर दुपारी तीननंतर जा, सकाळी रांग असते. आधारची झेरॉक्स घरनं काढून न्या, खालचा झेरॉक्सवाला पानाला पाच रुपये लावतो. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवू नका, खालनं हाक मारली की मुलगी उतरून येते. आणि रात्री फोन केलात आणि पहिल्या रिंगला उचलला नाय तर सोडू नका, तिसऱ्याला उचलतात.